मुरारचा प्रश्न, परळचे उत्तर

ग्वाल्हेर म्हटले की गोवेकराला पहिल्यांदा आठवते ते गाणे. त्यानंतर, इतिहासाची थोडीफार ओढ असेल तर, शिंदे आठवतात. शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे आपल्या पेडणे महालातल्या केरीचे. त्यामुळे ग्वाल्हेरच्या फौजेशी आपले नाते दोनशे वर्षांहून जुने आहे. मुरार हे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसते. मुरार हा ग्वाल्हेरचाच एक भाग, किल्ल्याच्या पूर्वेकडचा. इथे इंग्रजांची छावणी होती. १६ जून १८५८ रोजी सर ह्यू रोजच्या सैन्याने ती बंडवाल्यांकडून जिंकून घेतली, आणि लगोलग जवळच्या कोटा की सराय इथल्या लढाईत झाशीची राणी पडली. पुढे १८८६ साली झाशीच्या बदल्यात इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत केले.

शिंद्यांच्या मागोमाग उत्तरेत गेलेली मराठी घरे तिथे आजही आहेत. त्यांची मराठी ऐकायला फार गोड. अर्धे वाक्य सदाशिव पेठेतले आणि अर्धे थेट चंबळच्या खोऱ्यातले! ती बोली ऐकावी म्हणून मी गेले होते आणि मुरारच्या एका मराठी घरात उतरले होते. बोली राहिली बाजूला, आणि कानावर पडला तो वेगळाच विषय. शेजारच्या एका बाईंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी सांगितले होते की ऑपरेशन करायचे नाही, किरणोपचार आणि सोबत औषध द्यायचे. घरात जणू सुतक आले होते. "ऑपरेशन नाही म्हणाले हो ताई, नुसती सिकाई. म्हणजे आता काही उरलंच नाही का?" असे घरातल्या काकूंनी मला विचारले. मग एका वयस्क काकांनी दुसरी शंका काढली. "पूर्वी आमच्या नात्यात एकीला आधी तीनदा केमो दिली, गाठ लहान केली आणि मग पिशवी काढली. तसं हिचं का नाही करत?"

'सिकाई' म्हणजे शेक. हिंदी मुलखात किरणोपचाराला हाच शब्द रूढ आहे. आपल्याकडेही 'लाईट देतात', 'शेक देतात' असेच म्हणतात. शब्द इतका घरगुती की त्यातून उपचाराचा दर्जाच उतरतो. शेक काय, पाठ धरली तरी देतात! सुरी मात्र खरी. काढून टाकले म्हणजे सुटलो, अशी आपली ठाम समजूत.

मी डॉक्टर नाही. पण काकांचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता हे मला घरी परतून वाचू लागल्यावर कळले. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, की किरणोपचार आणि केमो एकत्र, या एका प्रश्नावर जगभरच्या डॉक्टरांचे निदान पस्तीस वर्षे एकमत नव्हते. आणि त्याचे एक मोठे उत्तर आले ते लंडन-न्यूयॉर्कहून नव्हे, मुंबईच्या परळमधून. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

आधी जागा नीट समजून घेऊ. गर्भाशय म्हणजे बायकांच्या भाषेत 'पिशवी'. या पिशवीचे खालचे तोंड ते गर्भाशयमुख. दिवस भरण्याआधीच हे तोंड उघडून मूल पडू नये म्हणून तिथे टाका घालण्याची युक्ती ज्यांनी काढली आणि १९५५ साली जगापुढे मांडली ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आपल्या शिरोड्याचे. 'शिरोडकर टाका' हे नाव आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत घेतले जाते. याच इवल्याशा जागी होणारा कॅन्सर भारतीय बायकांचा मोठा वैरी आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो झाला आणि सुमारे ८० हजार बायका त्याने दगावल्या.

योगायोग असा की या रोगावरची दोन मोठी हत्यारे एकाच वर्षी, चाळीस दिवसांच्या अंतराने पुढे आली. १६ नोव्हेंबर १८९८ रोजी व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्थाइम या शल्यविशारदाने एक मोठी शस्त्रक्रिया केली. त्याने गर्भाशयाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या पेशी, योनीचा वरचा भाग आणि जवळच्या लसिकाग्रंथीही काढण्याची पद्धत बसवली. रोग जिथवर मुळे धरतो तिथवरची माती उपटायची, असा त्यामागचा विचार. आणि २६ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांच्या रेडियमच्या शोधाची घोषणा झाली. काही वर्षांतच हे रेडियम नळीत भरून थेट गर्भाशयात ठेवू लागले. गर्भाशय पोकळ असल्यामुळे किरणांचा झरा गाठीच्या अगदी उशाशी ठेवता येतो. शरीरात इतकी सोयीची जागा फार थोड्या अवयवांना असते. स्टॉकहोम, पॅरिस आणि मँचेस्टर या तीन शहरांनी त्याच्या तीन पद्धती बसवल्या.

सुरुवातीला वेर्थाइमच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. रक्त चढवण्याची सोय नाही, प्रतिजैविके नाहीत. रेडियमने बाई टेबलावर दगावत नसे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात पारडे किरणांकडे झुकले. भूल, रक्तपेढी आणि पेनिसिलिन आल्यावर १९४०च्या दशकात बोस्टनच्या जो मेग्जने ती शस्त्रक्रिया पुन्हा मानाने उभी केली. मग हळूहळू वाटणी ठरत गेली. गाठ लहान आणि मुखापुरती असेल तर सुरी, रोग बाजूला पसरला असेल तर किरण. घोळ होता तो मधल्या बायकांचा. गाठ चार सेंटिमीटरहून मोठी, किंवा रोग नुकताच शेजारी सरकू लागलेला. म्हणजे सुरीच्या आवाक्यात आहे म्हटले तर आहे, नाही म्हटले तर नाही.

आपल्या देशातही दोन्ही परंपरा जुन्या आहेत. कोलकात्याच्या चित्तरंजन कॅन्सर रुग्णालयाचे उद्घाटन २ जानेवारी १९५० रोजी मेरी क्यूरींच्या कन्या इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. म्हणजे रेडियमच्या घरची लेक आली होती. आणि त्याच रुग्णालयातले डॉ. सुबोध मित्र हे याच कॅन्सरवरच्या आपल्या शस्त्रक्रियेसाठी जगभर ओळखले गेले. परळचे टाटा रुग्णालय त्याही आधीचे, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले. तिथल्या शल्यविशारदांच्या पहिल्या फळीतले डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे आपल्या बार्देशातले. टाटा रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे त्याला त्यांचेच नाव आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू होण्याआधी बोटीने आणि बसने रुग्णाला मुंबईला नेणाऱ्या गोवेकरांनी 'डॉ. ई. बोर्जेस रोड' हा पत्ता किती वेळा कागदावर लिहून घेतला असेल! 'टाटाला नेले' एवढे म्हटले की आपल्याकडे पुढचे सांगावे लागत नाही.

तिसरे हत्यार आले ते अपघाताने. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू वाढेनात, नुसते लांबट होऊ लागले. त्यांनी शोध घेतला तेव्हा कळले की ही करामत विजेची नव्हती. तारांच्या टोकांना असलेल्या प्लॅटिनमपासून तयार झालेल्या संयुगाची होती. त्यातूनच सिस्प्लाटिन हे औषध निघाले आणि १९७८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. गर्भाशयमुखाच्या गाठी या औषधाने आक्रसतात हे लवकरच दिसून आले.

आणि इथे काकांच्या प्रश्नाचा जन्म झाला. गाठ औषधाने आक्रसते, तर आधी औषध द्यावे, गाठ लहान करावी आणि मग ती सुरीने काढावी. याला डॉक्टर 'निओअॅडज्युव्हंट' केमोथेरपी म्हणतात, आपण शस्त्रक्रियापूर्व केमो म्हणू. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून याचे पहिले अहवाल आले, नंतर अर्जेंटिनातून आणि इटलीतून मोठे अभ्यास आले. कल्पना ऐकताच पटावी अशी होती. कडक झालेली माती आधी पाण्याने भिजवावी आणि मग खणावी, असे शेतकरीही सांगेल. शिवाय औषध रक्तातून सगळीकडे फिरते, म्हणजे दूर कुठे रोगाचे बी पडले असेल तर तेही मरेल. तरुण बाईच्या बीजकोषांना आणि योनीला किरणांचा चटका बसणार नाही. आणि गरीब देशांना हवीशी एक सोय त्यात होती. जिथे किरणोपचाराची यंत्रे कमी आणि रांगा लांब, तिथे रुग्णाला महिनोन्‌महिने नुसते बसवून ठेवण्यापेक्षा औषध तरी सुरू होई.

२००३ साली अशा जुन्या अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. नुसते किरणोपचार घेतलेल्या बायकांत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ५० होते, आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ६४ होते. शंभरात चौदा जीव. कुणालाही वाटावे, प्रश्न मिटला!

पण तो मिटला नव्हता. त्या अभ्यासांत तुलना होती ती नुसत्या किरणोपचाराशी. आणि मधल्या काळात नुसता किरणोपचार जुना झाला होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने डॉक्टरांना तातडीची सूचना पाठवली होती. पाच वेगवेगळ्या अभ्यासांत एकच गोष्ट दिसली होती, की किरणोपचार चालू असतानाच सोबत सिस्प्लाटिन दिले तर मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. औषधामुळे पेशी किरणांपुढे अधिक दुबळ्या होतात. म्हणजे आखाड्यातला एक पैलवान बदलला होता. जुन्या पैलवानाला हरवलेल्या गड्याला 'जगज्जेता' म्हणायचे, तर नव्याशी कुस्ती लावायलाच हवी होती.

ही कुस्ती टाटा रुग्णालयाने सप्टेंबर २००३ मध्ये लावली. गाठ मोठी असलेल्या किंवा रोग नुकताच शेजारी सरकलेल्या, म्हणजे नेमक्या त्या मधल्या गटातल्या बायका घेतल्या. एका गटाला दर तीन आठवड्यांनी एकदा अशी तीनदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन ही औषधे, आणि मग मोठी शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटाला किरणोपचार आणि त्यासोबत पाच आठवडे दर आठवड्याला सिस्प्लाटिन. कुणी कुठल्या गटात जायचे हे ना डॉक्टर ठरवणार, ना रुग्ण. ते नशिबावर सोडायचे.

हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या आईच्या, बहिणीच्या जिवाचा फैसला चिठ्ठी टाकून करायचा? मला आपल्या देवळांतला प्रसाद आठवला. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवी पडते की डावी याकडे डोळे लावून बसायचे. पण दोहोंत मोठा फरक आहे. प्रसाद लावताना आपली श्रद्धा असते की देवाला उत्तर ठाऊक आहे. इथे चिठ्ठी टाकायची ती उत्तर कुणालाच ठाऊक नाही म्हणून. दोन्ही उपचार चांगले आहेत असे मानायला आधार आहे, अधिक चांगला कोणता ते माहीत नाही, आणि डॉक्टरांनी आपल्या आवडीप्रमाणे निवडले तर ते कधीच कळणार नाही. ठणठणीत बायका सुरीकडे आणि खंगलेल्या बायका किरणांकडे पाठवल्या तर सुरी जिंकणारच. म्हणून चिठ्ठी. 'मला माहीत नाही' हे कबूल करायला डॉक्टरला धैर्य लागते. ते ऐकूनही सही करायला, अंगठा उठवायला रुग्णाला त्याहून मोठे धैर्य लागते.

बायका जमायला साडेअकरा वर्षे लागली. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ६३५ जणींनी नाव दिले, त्यांतल्या ६३३ जणींचा हिशेब धरला गेला. एका बाजूला ३१६, दुसऱ्या बाजूला ३१७. एकाच रुग्णालयात इतक्या बायकांचा असा अभ्यास करणे, वर्षानुवर्षे त्यांच्या फाईली सांभाळणे, गावोगाव परतलेल्या बायकांना पुन्हा तपासणीला बोलावत राहणे हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना ज्याने टाटाची ओपीडी पाहिली आहे त्यालाच येईल. तिथे महाराष्ट्रातून येतात तसे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. ग्वाल्हेरहून पंजाब मेलने येणारेही त्यांत असतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का पाहतो, कुणी फुटपाथवरच पथारी टाकतो.

निकाल २०१७ साली युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या माद्रिद इथल्या परिषदेत डॉ. सुदीप गुप्ता यांनी मांडला आणि २०१८ साली तो छापून आला. पाच वर्षांनंतर रोग न उलटलेल्या बायका शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के होत्या, किरणोपचार आणि सिस्प्लाटिनच्या गटात ७६.७ टक्के. जिवंत असलेल्या बायका मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्या, ७५.४ आणि ७४.७ टक्के. म्हणजे 'आधी औषध, मग सुरी' हरली, पण चीतपट झाली नाही. रोग उलटण्याच्या बाबतीत शंभरात सात जणींचा फरक पडला, जिवाच्या बाबतीत पडला नाही. रोग शेजारी सरकलेल्या गटात हा फरक अधिक ठळक होता.

एक आकडा उलट बाजूचाही आहे आणि तो लपवणे बरे नाही. दोन वर्षांनंतर योनीच्या त्रासाच्या तक्रारी शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के होत्या, तर किरणोपचाराच्या गटात २५.६ टक्के. कोरडेपणा, आकुंचन, संबंधांच्या वेळी दुखणे. आपल्याकडे बायका हे नवऱ्यालाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच. या अभ्यासात तो मोजला गेला हेच मला विशेष वाटले. मोजले म्हणजे ते दुखणे कागदावर आले, आणि कागदावर आले म्हणजे त्यावर इलाज शोधता येतो.

पटण्यासारखी युक्ती हरली का? यामागची कारणे डॉक्टर सांगतात ती सामान्य माणसालाही कळतात. आधीच्या केमोने प्रत्येकीची गाठ पुरेशी आक्रसत नाही. मग तिला शस्त्रक्रिया मिळत नाही ती नाहीच, आणि किरणोपचार तेवढे उशिरा सुरू होतात. जिची शस्त्रक्रिया होते तिच्या काढलेल्या भागाच्या तपासणीत कडेपर्यंत रोग दिसला, किंवा ग्रंथींत सापडला, तर तिला पुन्हा किरणोपचार घ्यावेच लागतात. म्हणजे केमो, सुरी आणि शेक अशी तिन्हींची भट्टी एकाच शरीराने सोसायची. शिवाय औषधाला पुरून उरलेल्या पेशी अधिक चिवट असतात, त्या किरणांनाही सहज दाद देत नाहीत असे एक स्पष्टीकरण आहे. माती भिजवून खणण्याची उपमा म्हणूनच फसवी. माती वाट पाहते, कॅन्सर पाहत नाही.

एका रुग्णालयाच्या निकालावर जगाने लगेच विश्वास ठेवावा असे नाही. पण युरोपातही याच प्रश्नावर ६२६ बायकांचा अभ्यास चालू होता. त्याचा निकाल २०१९ साली जाहीर झाला. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका शस्त्रक्रियेच्या गटात ७२ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात ७६ टक्के. आधी केमो देऊन मग सुरी चालवण्याचा फायदा तिथेही दिसला नाही. परळने जे सांगितले तेच युरोपने सांगितले.

२०१८ सालीच टाटाचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग बराच पसरलेल्या, तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांचा. १९९९च्या त्या अमेरिकन सूचनेबद्दल आपल्याकडे एक रास्त शंका होती. आपल्या बायका अंगावर रोग काढून उशिरा येतात. रक्त कमी, अंगात मांस नाही, मूत्रपिंडांवर ताण. त्यांना किरणोपचारासोबत सिस्प्लाटिन झेपेल का? फायदा होईल का? उत्तर आले की होतो. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका नुसत्या किरणोपचारात ४६ टक्के, सिस्प्लाटिन जोडल्यावर ५४ टक्के. दुसऱ्यांच्या बायकांवर केलेल्या अभ्यासावर विसंबून न राहता आपल्या बायकांना काय लागू पडते हे आपणच पाहायचे, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

मग आधी केमो देण्याची कल्पना मेली का? तसेही नाही. २०२४ साली एका पाच देशांच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात भारतही होता. ५०० बायका. निम्म्या जणींना आधी सहा आठवडे दर आठवड्याला कमी मात्रेची केमो दिली आणि मग लगेच, मध्ये खंड न पाडता, किरणोपचार आणि सिस्प्लाटिन. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका त्या गटात ८० टक्के, नेहमीच्या उपचाराच्या गटात ७२ टक्के. औषध आधी देण्यात चूक नव्हती असे यातून दिसते. त्याच्यामागून काय येते आणि किती लवकर येते यावर सगळे अवलंबून आहे. पुढचे पाऊल सुरीचे नसून किरणांचे असेल, आणि ते वेळेवर पडेल, तर आधीची केमो उपयोगी पडते.

तेव्हा मुरारच्या काकांच्या शंकेचे उत्तर असे. पूर्वी आधी केमो देऊन पिशवी काढत, ते तेव्हाच्या माहितीप्रमाणे वाजवीच होते. आता तसे सहसा करत नाहीत, कारण सहाशेहून अधिक बायकांनी आपली शरीरे पणाला लावून दाखवून दिले की त्या टप्प्यावर किरण आणि औषध एकत्र दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहते. आणि काकूंच्या प्रश्नाचे उत्तर असे, की 'नुसती सिकाई' ही हरलेल्या डॉक्टरची शेवटची चाल नाही. त्या टप्प्यातला तोच पहिल्या प्रतीचा उपचार आहे. बरे होण्याच्या हेतूने दिलेला.

हे घराघरांत पोहोचणे का गरजेचे आहे ते सांगते. आपल्या समाजाचा सुरीवर भलताच भरवसा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचे प्रकरण २०१९ साली गाजले. तिथल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कामाचे दिवस बुडू नयेत हे त्यामागचे एक कारण, आणि 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती दुसरे. नीट तपासणी न करता पिशवी काढली आणि नंतर त्यात कॅन्सर निघाला तर ती अर्धवट शस्त्रक्रिया पुढच्या उपचाराची वाट अवघड करून ठेवते. वेर्थाइमची शस्त्रक्रिया आणि गल्लीतल्या दवाखान्यात पिशवी काढणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरीकडे, किरणोपचार म्हटल्यावर 'आता काही उरले नाही' म्हणून उपचारच सोडून, अंगारा-धुपारा करीत बाईला घरी ठेवणारी घरेही आहेत. दोन्हीकडे जीव जातो तो समजुतीपायी.

या रोगाच्या गोष्टीला आणखी एक मराठी मुलूख जोडलेला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निकाल आला. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो हे हाराल्ड झुर हाउझेन यांनी शोधले होते, त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. त्या विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणीदेखील पसरलेला कॅन्सर आणि त्याचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे धाराशिवच्या खेड्यांतल्या बायकांमुळे जगाला कळले. आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या विषाणूवरची भारतीय लस बाजारात आणली. वयात येणाऱ्या मुलींना ती वेळेवर मिळाली आणि तिशी ओलांडलेल्या बायकांची तपासणी झाली, तर सुरी आधी की औषध आधी हा वादच पुढच्या पिढीत फार थोड्या घरांत उरेल.

तोवर एवढे लक्षात ठेवावे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधांनंतर रक्त जाणे, अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे हे लाजेने लपवण्याचे दुखणे नव्हे, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. कॅन्सर निघाला तर 'ऑपरेशन कधी?' असे विचारण्याआधी 'कितवा टप्पा?' असे विचारावे. पहिल्या टप्प्यात गाठ लहान असेल तर शस्त्रक्रिया हा उत्तम उपाय आहेच. पण रोग पुढे सरकला असेल आणि डॉक्टर बाहेरून किरण, आतून किरण आणि आठवड्याला एक सिस्प्लाटिन असे सांगत असतील, तर तो उपचार पूर्ण करावा. मध्ये सणवार आला, शेतीची कामे आली, बरे वाटू लागले म्हणून खंड पाडू नये. उशीर म्हणजे काय ते आपण वर पाहिलेच. त्रास होईल तो डॉक्टरांना न लाजता सांगावा.

परळच्या त्या ६३३ बायकांची नावे आपल्याला माहीत नाहीत आणि माहीत व्हायचे कारणही नाही. त्यांतल्या किती जणींना वाचता येत होते, किती जणींनी मुंबई त्याआधी पाहिली होती, कोण जाणे. वैद्यकाच्या इतिहासात वेर्थाइम आणि क्यूरी यांची नावे राहतात. या बायकांचा फक्त आकडा राहतो. पण आज कुठल्याही गावात एखादी डॉक्टरीण समोरच्या घाबरलेल्या बाईला सांगते की बाई गं, तुला सुरीपेक्षा हेच बरे, तेव्हा तिच्या त्या खात्रीच्या मागे या बायका उभ्या असतात.